सुळ्याची चाहूल

बालकांना ‘आ’ करायला लावून घसा पाहण्यात माझे पाव शतक सरले. या काळात वाटेतल्या दातांकडे कीड सोडल्यास फारसे लक्ष गेले नाही. ही कबुली देऊनच हा विषय मांडतो.

तान्हेपणापासून माझ्याकडे येणारी एक मुलगी चौदाव्या वर्षी दंतवैद्यांनी काढलेला ओ.पी.जी. घेऊन आली. वरचा डावा दुधाचा सुळा अजून जागेवर होता आणि कायमचा सुळा टाळूत आडवा पडला होता. कोन बीम सी.टी.मध्ये शेजारच्या पटाशीच्या दाताचे मूळ निम्मे झिजलेले दिसले. तिला कधीही दुखले नव्हते. तिचे तोंड मी दरवर्षी पाहत होतो, हे आजही बोचते.

वरचा सुळा जबड्यात फार उंचावर घडतो, लांबचा प्रवास करतो आणि साधारण अकराव्या-बाराव्या वर्षी उगवतो. सुमारे दोन टक्के व्यक्तींत तो अडकतो. मुलींत अधिक आणि बहुधा टाळूच्या बाजूला. शेजारचा पटाशीचा दात खुंटीसारखा बारीक असणे वा मुळातच नसणे, ही धोक्याची खूण होय.

येथे वेळेला मोल आहे. स्वीडनच्या एरिक्सन व कुरोल यांनी १९८८ साली दाखवून दिले, की दहा ते तेरा वर्षे वयात दुधाचा सुळा काढल्यावर टाळूकडे वळलेल्या ४६ पैकी ३६ सुळ्यांनी योग्य मार्ग धरला. चित्रात सुळ्याचे टोक शेजारच्या दाताच्या मध्यरेषेच्या अलीकडे असेल, तर यश ९१ टक्के. पलीकडे गेले असेल, तर ६४ टक्के.

‘हे दंतवैद्यांचे काम’ असे काही सहकारी म्हणतील. उपचार त्यांचेच, परंतु आपल्याकडे मूल दंतवैद्याकडे जाते ते दात दुखल्यावर, आणि हा विकार दुखत नाही. आपल्याकडे मात्र ते ताप-खोकल्यासाठी येतेच. म्हणून प्रत्येकाची क्ष-किरण तपासणी करावी, असे मी मुळीच म्हणत नाही. कोन बीम सी.टी.तील किरणमात्रा ओ.पी.जी.हून सहसा जास्त असते. तिच्यामुळे उपचाराचा निर्णय बदलणार असेल तेव्हाच ती करावी. नवव्या-दहाव्या वर्षी ओठ उचलून दुधाच्या सुळ्यावरील हिरडीवरून बोट फिरवावे. दहाव्या वर्षानंतरही उंचवटा लागला नाही, अथवा एकाच बाजूला लागला, तर दंतवैद्यांकडे पाठवावे.

या तपासणीस अर्धे मिनिट पुरते. आपल्या बालआरोग्य शिबिरांच्या तपासणीपत्रकात तेवढा एक रकाना वाढवावा, ही विनंती.