लिस्बनचा कागद आणि हरमलचं घर

मिरगाच्या आधी हरमलच्या किनाऱ्यावरचे शॅक उतरले की पुढचे चार महिने तरुण मुलगा घरात काय करतो, हे ज्याच्या घरात असा मुलगा आहे त्यालाच ठाऊक. ऑक्टोबर ते मे खोल्या भाड्याने जातात, टॅक्सी पळते, हॉटेलात हात लागतात. मग पाऊस, आणि हात रिकामे. मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ पासून सुरू झाला, त्यात काही घरांची चूल लागली, पण सगळ्या पेडणे तालुक्याच्या मुलांना पुरेल एवढं काम तिथे नाही. तेव्हा परदेशी जातो म्हणणाऱ्याला 'गाव सोडू नको' असं सांगणारा मी नव्हे. आपले आजे-पणजे मुंबईला गेले, कोणी तारवटी झाले, सत्तरच्या दशकापासून आखातात गेले. जाण्याची चाल आपल्याकडे जुनीच आहे.

बदल झालाय तो दुसऱ्याच गोष्टीत. पूर्वी एकटा माणूस जायचा आणि घर गावात राहायचं. त्याचं तिकडे जमलं नाही तर तो एका बॅगेनिशी परत यायचा आणि आठ दिवसांत पुन्हा रापणीच्या दोरीला हात लावायचा. आता पोर्तुगीज पासपोर्टमुळे बायको-मुलांसह सगळं घरच उठून निघतं. तिथे घडी बसली नाही तर मुलांची शाळा, गावातली जागा आणि नागरिकत्व, तिन्ही एकदम अडकतात. म्हणून ज्यांनी घरदार घेऊन निघायचं ठरवलंय किंवा ठरवत आहेत, त्यांच्यासाठी हे चार शब्द.

पहिली गोष्ट साधी, पण निम्मी माणसं इथेच फसतात. पोर्तुगालच्या कायद्याने १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेला माणूस आणि त्याची मुलं-नातवंडं पोर्तुगीज राष्ट्रीयत्व मागू शकतात. त्यासाठी लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कचेरीत जन्म आणि लग्न नोंदवावं लागतं. साखळीतल्या मधल्या माणसाची नोंद आधी, मग तुमची. सासष्टीतल्या किंवा बारदेशातल्या माणसाला हे त्यातल्या त्यात सोपं जातं. आपल्याकडे एक वेगळीच अडचण आहे. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत, आणि हरमल, केरी, पालयेच्या कितीतरी सुना नदीपलीकडच्या. आरोंदा, शिरोडा, रेडी, सावंतवाडी. म्हणजे आजोबा वाढले हरमलात, मेले हरमलात, पण जन्मले तेरेखोलपलीकडे. त्या गावांवर पोर्तुगिजांचं राज्य नव्हतं. मग साखळी आणखी एक पिढी मागे न्यावी लागते, आणि तेवढा जुना कागद घरात असेलच असं नाही.

दुसरी अडचण नावांची. पोर्तुगीज काळातल्या नोंदवहीत 'शंकर' हा 'श' नव्हे तर 'एक्स' अक्षराने सुरू होतो, आणि 'नाईक'च्या शेवटी 'के' नसून 'क्यू-यू-ई' असतं. त्याच माणसाचं नाव शाळेच्या दाखल्यावर तिसरं, आधारवर चौथं. एजंट इथेच तुम्हाला धरतो. 'काळजी करू नका, मी दाखला करून देतो,' म्हणतो. हा 'करून दिलेला' दाखला कधीही घेऊ नका. नाव सुधारायचा सरळ रस्ता आहे. १९९० पासून गोव्यात नाव-आडनाव बदलाचा स्वतंत्र कायदा आहे. पेडण्याच्या उपनिबंधकाकडे आणि पणजीच्या पुराभिलेख खात्यात जुन्या नोंदी शोधता येतात. वेळ लागतो, फेऱ्या होतात. पण खोट्या दाखल्यावर मिळालेलं राष्ट्रीयत्व रद्द झालं तर तुमच्याबरोबर मुलांचंही गोत्यात येतं, आणि तोवर एजंटाचा फोन लागत नसतो.

आता खरी किंमत. गावात 'पोर्तुगीज केला का?' असं विचारतात, जसं काही आधारकार्डच करायचंय. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे दुसऱ्या देशाचं नागरिकत्व आपणहून घेतलं की भारताचं संपतं. कोणी पत्र पाठवून कळवत नाही. ते संपलेलं असतं. त्यानंतर भारतीय पासपोर्ट वापरणं, मतदान करणं हा गुन्हा आहे. रेशनकार्ड आणि गृह आधाराचे पैसे चालू ठेवणंही अंगाशी येतं. पासपोर्ट रीतसर परत करून दाखला घ्यायचा आणि त्यावर ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळ भारतीयांचं, कार्ड काढायचं, हा बरोबर क्रम. राष्ट्रीयत्व लपवून जुना पासपोर्ट वापरत राहिल्याने पासपोर्ट रद्द झाला आणि ओसीआय अडकलं, अशी गोव्यातली किती माणसं आहेत ते २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत सगळ्यांनी ऐकलं. लिस्बनमध्ये नुसता जन्म नोंदवला आणि पासपोर्ट घेतलाच नाही तर काय, यावरही पुष्कळ वाद झालाय. म्हणून नोंद करण्याआधी वकिलाला विचारा, नंतर नाही.

ओसीआय कार्डावर येता-जाता येतं, राहता येतं, धंदा करता येतो. मत देता येत नाही, सरकारी नोकरी बहुतेक मिळत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने आलेली ठेवता येते, पण विकायची झाली तर इथे राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच. आणि एक गोष्ट आईबापांनी नीट ऐकावी. ४ मार्च २०२१ च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार ओसीआय मुलाला नीट किंवा जेईई देता येते, पण भारतीयांसाठी राखलेल्या जागेवर बसता येत नाही, एनआरआय जागेवरच बसता येतं. मुलगी हुशार आहे, दहावीनंतर परत आणू आणि बांबोळीला डॉक्टर करू, असा हिशोब मनात असेल तर तिचा पोर्तुगीज पासपोर्ट करण्याआधी तो पुन्हा मांडा.

ज्याला खात्रीच आहे की आपल्याला परत यायचं नाही, त्याने हे सगळं खुशाल सोडावं. पण अशी खात्री असणारी माणसं मला फार भेटली नाहीत. चवथीला रजा मिळावी म्हणून जानेवारीपासून मालकाच्या मागे लागणारीच जास्त भेटली.

मग जायचं कुठे? अजूनही हरमलात लोक पोर्तुगीज म्हणजे लंडन असंच धरून चालतात. स्विंडन, साउथॉल, लेस्टर इथे आपली माणसं खूप आहेत, म्हणून तसं वाटणं साहजिक आहे. पण ब्रिटन ३१ जानेवारी २०२० ला युरोपीय संघातून बाहेर पडलं. त्याच वर्षी ३१ डिसेंबरला संक्रमणकाळ संपला आणि आधीपासून तिथे राहणाऱ्यांच्या सेटलमेंटच्या अर्जाची मुदत ३० जून २०२१ ला सरली. आता पोर्तुगीज पासपोर्टवर तिथे नुसतं फिरायला जाता येतं, कामाला नाही. ज्याच्या जवळच्या नातेवाइकाला तिथे आधीचं स्टेटस आहे आणि नातं २०२० संपायच्या आधीचं आहे, त्याला वाट आहे. बाकीच्यांना वर्क व्हिसाच लागतो. हे माहीत असूनही कोणी लंडनच्या नावाने पैसे घेत असेल तर तो काय करतोय ते समजून घ्या. आणि स्विंडनची गोष्ट निघालीच आहे तर, ज्या होंडाच्या कारखान्याभोवती त्या गावाचं बरंचसं काम फिरत होतं तो जुलै २०२१ मध्ये बंद झाला. परदेशातलं कामही सीझनसारखंच असतं, फक्त तिथला सीझन बरीच वर्षं चालतो.

पोर्तुगीज पासपोर्टवर आज कामाचा हक्क मिळतो तो पोर्तुगाल, आयर्लंड, जर्मनी अशा संघातल्या देशांत. पोर्तुगालमध्ये पगार कमी, म्हणून बहुतेक जण आयर्लंडकडे बघतात. तिथे काम मिळतं, इंग्रजी चालतं, पण राहायला जागा मिळत नाही. डब्लिनमध्ये भाड्याच्या घरासाठी रांगा लागतात आणि मुलं असलेल्या कुटुंबाला खोली द्यायला घरमालक नाखूश असतात. नवऱ्याकडे पोर्तुगीज आणि बायकोकडे भारतीय पासपोर्ट असेल तरी कुटुंब म्हणून जाता येतं, मात्र तिला व्हिसा आणि मग राहण्याचं कार्ड वेगळं काढावं लागतं. तिचा अर्ज झालेला नसताना विमानाची चार तिकिटं एकदम काढू नका.

भारतीय पासपोर्टवर ब्रिटनला जाणाऱ्यांनी तर आकडे पाठच करावेत. वृद्धांची देखभाल करणाऱ्या केअर वर्करला ११ मार्च २०२४ पासून कुटुंब नेता येत नाही, आणि २२ जुलै २०२५ पासून या कामासाठी परदेशातून नवी भरतीच बंद आहे. तरीही त्या व्हिसाच्या जाहिराती फिरताना दिसतात. दुसऱ्या कामाचा व्हिसा मिळाला तर आरोग्य अधिभार वेगळा, मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पाउंड, मुलाला ७७६. नवरा, बायको, दोन मुलं, तीन वर्षांचा व्हिसा. १०,८६६ पाउंड होतात, आणि पाउंड शंभराच्या वर आहे. म्हणजे व्हिसाची फी, तिकीट, भाडं यांच्या आधीच दहा लाखांच्या वर. हे पैसे पगार सुरू व्हायच्या आत भरायचे असतात.

आखाताचं गणित निराळं. तिथे नागरिकत्व जात नाही, ही त्याची मोठी जमेची बाजू. अमिरातीत कुटुंब न्यायला पगार किमान ४,००० दिऱ्हाम, किंवा ३,००० आणि राहायची सोय लागते. पण तेवढ्यात कुटुंब आणता येतं, पोसता येत नाही. मुलांच्या शाळेची फीच पगार खाते. भरती एजंटाचा परवाना सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर बघता येतो. त्याला ३०,००० रुपये आणि जीएसटी याच्यावर एक रुपया घ्यायचा अधिकार नाही, आणि जे घेईल त्याची पावती द्यायला हवी. पावती मागितल्यावर ज्याचा चेहरा बदलतो, त्याच्या कचेरीतून उठून या.

एवढ्यावर माझं सांगणं एकच आहे: एकाने आधी जावं. निदान सहा महिने, वर्ष झालं तर उत्तम. त्या काळात कळतं की हातात किती पडतं, घरभाडं किती, थंडी सोसते का, आणि मुख्य म्हणजे कामाच्या पाळ्या कशा आहेत. दोघांनी कमावल्याशिवाय तिथे भागत नाही. मग नवरा रात्रपाळीला, बायको दिवसाला आणि मुलाला दाराशी एक जण दुसऱ्याकडे सोपवतो. इथे आजी आहे, काकी आहे, शेजारीण आहे; तिथे या सगळ्यांचे पैसे मोजावे लागतात. मुलांचं वयही बघा. पाचवी-सहावीतलं मूल वर्षभरात रुळतं. नववी-दहावीतल्या मुलाला इंग्लंडला नेलं तर तो तिथल्या सोळाव्या वर्षाच्या परीक्षेच्या अभ्यासक्रमाच्या ऐन मध्यावर जाऊन पडतो. त्याची दहावी इथे होऊ द्या. आई आणि मूल तेवढी दोन वर्षं थांबली तर काही बिघडत नाही.

पैसा उभा करायला जमीन विकू नका. हरमलात जागेला आज जो भाव मिळतो तो ऐकून डोकं फिरतं हे खरं, पण एकदा दिल्लीच्या माणसाला दिलेली जागा तुम्ही युरोपात जन्मभर राबलात तरी परत घेऊ शकणार नाही. वर ओसीआय झालात तर भाताची खाचरं विकत घ्यायचा हक्कही उरत नाही. घर मुंडकारी असेल तर जाण्याआधी ते विकत घेऊन नावावर करा. मुंडकाराचा हक्क तो त्या घरात राहतो यावर उभा आहे, आणि कुलूप लागलेल्या घराकडे भाटकाराचं लक्ष असतंच. कुळाच्या शेतीचंही तसंच, ती पडीक टाकू नये.

आणि आपला गोव्याचा दोन सह्यांचा कायदा विसरू नका. लग्नाआधी वेगळा करार नसेल तर नवरा-बायको मालमत्तेत अर्ध्या अर्ध्याचे धनी, आणि जागेच्या व्यवहाराला दोघांची सही लागते. चार भावांच्या घरात आठ सह्या. एक जोडपं डब्लिनला, एक दोहाला, एक लेस्टरला असलं की घराचं छप्पर बदलायचा निर्णयही वर्षभर लोंबकळतो. कुलमुखत्यारपत्र तिकडे करून, रीतसर प्रमाणित करून पाठवता येतं, पण त्यापेक्षा सगळे गावात असताना वाटणी झालेली बरी. वडील हयात असताना हा विषय काढणं आपल्याकडे अशुभ मानतात. ते गेल्यावर वाटपाचा दावा सुरू होतो, तो किती वर्षं चालतो हे पेडण्याच्या कोर्टात जाऊन बघावं.

म्हाताऱ्यांबद्दल नुसतं 'शेजारी बघतील' म्हणून निघू नका. रात्री छातीत दुखलं तर बांबोळीला कोण नेणार, औषधं कोण आणणार, बँकेत कोण जाणार, हे नाव घेऊन ठरवा आणि त्या माणसाला विचारून ठरवा. त्याला खर्चाचे पैसे दरमहा पाठवा. नात्यातला असला तरी पाठवा.

यंदा चवथीला सगळे भाऊ-भावजया घरी जमतील. आरती झाली, जेवणं झाली की एका संध्याकाळी घराचा एक-चौदाचा उतारा, आजोबांचा जन्मदाखला आणि लग्नाचे दाखले असे सगळे कागद चटईवर काढा, आई-वडिलांना शेजारी बसवा आणि कुणाची सही कुठे लागणार ते लिहून काढा. एजंटाला फोन त्यानंतर करा.