डिझेल पिकअप : लांब पल्ल्याचे वाहन

रायपूरहून केशकालचा घाट चढून सुमारे 300 किलोमीटरवरील जगदलपूरला जड माल पोहोचविणाऱ्या पिकअपला, मंद गतीतही भरपूर ओढ देणारे आणि इंधन काटकसरीने वापरणारे डिझेल इंजिनच उपयुक्त ठरते, हे निर्विवाद आहे. परंतु तेच वाहन रायपूरमधील डूमरतराईच्या घाऊक बाजारातून शहरातील दुकानांपर्यंत अल्प अंतराच्या खेपा करू लागले, म्हणजे 1 एप्रिल 2020 पासून अंमलात आलेल्या भारत स्टेज 6 मानकांमुळे बसविलेली काजळीची गाळणी पुरेशी तापत नाही, ती तुंबते आणि मालकास दुरुस्तीचा भुर्दंड सोसावा लागतो. शिवाय शहरालगतच्या उरला-सिलतरा येथील कारखान्यांच्या धुराने आधीच त्रस्त झालेल्या नागरिकांच्या श्वासावर या वाहनांच्या धुराचा नवा भार पडतो. म्हणून लांब पल्ल्यास डिझेल आणि शहरांतर्गत वाहतुकीस विजेची वाहने, अशी तजवीज व्यापाऱ्यांनी व नगर प्रशासनाने विनाविलंब करावी.