शरीरशास्त्राच्या ओसरीवर : बियाण्याचें पेंव

मुलीच्या देहांतील स्त्रीबीजांचा सारा सांठा ती जन्मास येण्यापूर्वींच भरलेला असतो, ही गोष्ट सुशिक्षित घरांतूनहि फारशी कोणास ठाऊक नसते. जन्मसमयीं दोन्ही बीजकोशांत मिळून १० ते २० लक्ष बीजें असतात. ती वयांत येते तेव्हां ३ ते ४ लक्ष उरतात, आणि पक्व होऊन बाहेर पडतात तीं उभ्या आयुष्यांत सुमारें ४००. बाकीचीं जागच्या जागीं जिरतात. मग हें पेंव पन्नाशीच्या आसपासपर्यंत पुरतें कसें?

बहुतेक बीजें निद्रिस्त असतात. त्यांना जागें करण्याचा निरोप पेशींतील रेणू एकमेकांच्या हातीं देत पुढें नेतात. या सांखळींत 'एमटॉर' हें प्रथिन 'एस-६ कायनेज' नामक विकरास चेतवितें; आणि तें विकर रायबोसोमांतील, म्हणजे प्रथिनें घडविणाऱ्या कारखान्यांतील, 'एस-६' या प्रथिनावर फॉस्फेटाचे ठसे उमटवितें. अशा ठशांच्या पांच जागा आहेत. १९७४ सालीं उंदराच्या यकृतांत हा प्रकार प्रथम आढळला. बीजांत ते ठसे दिसले, कीं निरोप पोहोंचला असें शास्त्रज्ञ समजतात.

या निरोपास लगाम घालणारें प्रथिन 'पीटेन' होय. २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत उंदरांच्या स्त्रीबीजांतून तें नाहींसें करतांच निद्रिस्त बीजें सारीं एकदम जागीं झालीं, आणि त्या माद्यांचा सांठा ऐन तारुण्यांतच संपला. पुढल्या वर्षीं उलट प्रकार दिसून आला. निरोपाची सांखळीच तोडली, तेव्हां निजलेलीं बीजें निजल्या ठिकाणींच नष्ट झालीं. म्हणजे निरोप अति झाला तरी हानि, आणि मुळींच नसला तरी हानि.

कांहीं स्त्रियांचा मासिक ऋतु चाळिशीच्या आंतच थांबतो. जपानांतील डॉ. काझुहिरो कावामुरा व त्यांचे सहकारी यांनीं अशा २७ स्त्रियांसाठीं एक उपचार योजिला. बीजकोश काढून, त्याचे बारीक तुकडे करून, निरोप बळावणाऱ्या द्रव्यांत ठेवून ते परत देहांत बसवावयाचे. २०१३ सालीं त्यांनीं वृत्त प्रसिद्ध केलें, तोंवर एकीस सुदृढ बालक झालें होतें. निम्म्याहून अधिक जणींच्या बीजकोशांत जागें करण्यास बीजेंच उरलीं नव्हतीं. पेंवांत नवी भर घालणारें औषध अद्याप नाहीं.

म्हणून वाचकभगिनींना, आणि त्याहून अधिक घरांतील वडीलधाऱ्यांना, एवढेंच सांगणें आहे. तरुण सुनेचा किंवा लेकीचा ऋतु कांहीं महिने चुकूं लागला, तर तिच्या व्रतवैकल्यांत किंवा पत्रिकेंत उणें शोधीत वर्षें घालवूं नका. तिला लौकर जाणत्या डॉक्टरांकडे न्या. कारण ऋतु अकालीं थांबल्यास संततीचाच प्रश्न उद्भवतो असें नव्हे, हाडेंहि ठिसूळ होऊं लागतात. हा सांठा तिनें स्वतः भरलेला नसतो. तो लौकर सरला, तर तिला बोल कसा लावावा?