विश्लेषण : पिकअपला ‘कोल्ड एअर इनटेक’ बसवावा का? अहेरीच्या धुळीत इंजिनाला नेमकी कोणती हवा हवी?

अहेरी, आलापल्ली, एटापल्ली भागात पिकअप ही अनेक घरांतली सर्वात जास्त राबणारी वस्तू. धानाची पोती, तेंदूपत्ता, आठवडी बाजाराचा भाजीपाला, सिमेंट, सळया, सगळे तिच्याच हौद्यातून जाते. हप्ताही तिच्याच कमाईवर फिटतो. त्यामुळे गाडी चढावर ओढेनाशी झाली की मालकाची झोप उडते. नेमके तेव्हाच मोबाइलवर चकचकीत पाइप आणि लाल शंकूसारख्या फिल्टरचा व्हिडीओ येतो. ‘कोल्ड एअर इनटेक बसवा, ताकद वाढवा, मायलेज वाढवा’ असे त्यात सांगितलेले असते. किटची किंमत काही हजारांत. हे पैसे खर्च करावेत का? थोडक्यात उत्तर : मालवाहू डिझेल पिकअपसाठी बहुतेक वेळा नाही. ते का, हे समजून घेऊ.

कोल्ड एअर इनटेक म्हणजे काय?

इंजिनात डिझेल जळायला हवा लागते. ही हवा एका बंद डब्यातून, म्हणजे एअर बॉक्समधून येते. त्या डब्यात घड्या घातलेला कागदी फिल्टर असतो. कोल्ड एअर इनटेकचे किट बसवताना हा डबा काढून त्याजागी रुंद, गुळगुळीत पाइप आणि त्याच्या टोकाला मोठा उघडा फिल्टर लावतात. फिल्टर इंजिनापासून दूर, बम्परच्या मागे किंवा चाकावरच्या मडगार्डच्या आत ठेवला जातो. बॉनेटखालच्या गरम हवेऐवजी बाहेरची तुलनेने थंड हवा ओढावी, हा त्यामागचा हेतू.

तत्त्व चुकीचे नाही. हवा साधारण ३ अंशांनी थंड झाली की तिची घनता १ टक्क्याने वाढते. बॉनेटखालची हवा ५५ अंश आणि बाहेरची ४५ अंश असेल, तर बाहेरची हवा सुमारे ३ टक्के दाट असते. दाट हवेत ऑक्सिजन जास्त. टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनात, शर्यतीच्या गाडीत, याचा थोडा फायदा मिळू शकतो.

मात्र एक गोष्ट जाहिरातीत सांगितली जात नाही. हे किट हवा थंड करत नाही, फक्त बाहेरची हवा आत आणते. मे महिन्यात बाहेरच ४५ अंश असतील तर इंजिनाला मिळणारी ‘थंड’ हवाही ४५ अंशांचीच असते.

मग डिझेल पिकअपला फायदा का होत नाही?

पहिले कारण, डिझेल इंजिनाची ताकद हवेवर नाही तर आत सोडल्या जाणाऱ्या डिझेलवर ठरते. डिझेल इंजिन गरजेपेक्षा जास्तच हवा घेते. किती डिझेल सोडायचे हे गाडीचा संगणक, म्हणजे ईसीयू ठरवतो. डिझेल तेवढेच ठेवून हवा वाढवली तर ताकद वाढायचे कारण उरत नाही.

दुसरे कारण, टर्बो आणि इंटरकूलर. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले. त्यानंतरच्या बहुतेक डिझेल पिकअपमध्ये हे दोन्ही असतात. टर्बो हवा दाबतो आणि दाबताना ती तापते. हवेचा दाब दुप्पट होतो असे धरले, तर ४५ अंशांची हवा टर्बोतून सुमारे १४५ अंशांना बाहेर पडते आणि ५५ अंशांची सुमारे १५८ अंशांना. मग इंटरकूलर तिला थंड करतो. त्याने वाढीव उष्णतेपैकी ७० टक्के काढून टाकली, तर पहिली हवा ७५ अंशांच्या आणि दुसरी ७९ अंशांच्या आसपास येते. म्हणजे सुरुवातीचा १० अंशांचा फरक शेवटी ४ अंशांवर येतो आणि घनतेतला फरक जेमतेम १ टक्का उरतो. हौद्यात दीड टन माल असताना हा फरक चालकाला जाणवणारही नाही.

तिसरे कारण, कंपनीने हे काम आधीच केलेले असते. बहुतेक गाड्यांच्या एअर बॉक्सचे तोंड रेडिएटरच्या बाजूला किंवा पुढच्या जाळीजवळ, बाहेरची हवा मिळेल असेच काढलेले असते. उलट स्वस्त किटमध्ये उघडा फिल्टर बॉनेटखालीच राहतो आणि आधीपेक्षा जास्त गरम हवा ओढतो.

मग किट बसवलेल्यांना गाडी हलकी झाल्यासारखी का वाटते? कारण बंद डबा गेल्याने टर्बोची शिट्टी आणि हवेचा आवाज मोठा ऐकू येतो. शिवाय जुना, बुजलेला फिल्टर काढून नवा बसवलेला असतो. नवा कागदी फिल्टर टाकला असता तरी तोच फरक पडला असता, आणि तोही काही शे रुपयांत.

अहेरी भागात खरा धोका कोणता?

धूळ. एक लिटर डिझेल पूर्ण जळायला किमान १२ किलो हवा लागते, म्हणजे साधारण १० हजार लिटर. दहा लिटर डिझेलच्या एका फेरीत इंजिन किमान १ लाख लिटर हवा आत घेते. दोनशे लिटरची ५०० पिंपे भरतील एवढी. प्रत्यक्षात डिझेल इंजिन याहून बरीच जास्त हवा ओढते. ही हवा कुठल्या रस्त्यावरची, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा.

एटापल्ली तालुक्यातील सूरजागडच्या खाणीतून निघणारे लोहखनिज हे हेमॅटाइट आहे. ते वाहणारे ट्रक एटापल्ली, आलापल्ली, आष्टी याच मार्गाने धावत आले आहेत. रस्त्यावरच्या धुळीत मातीतली वाळू, म्हणजे क्वार्ट्झ असते आणि खनिजाचा बारीक चुराही मिसळतो. हे दोन्ही कण सिलिंडरच्या ओतीव लोखंडापेक्षा कठीण असतात. पिस्टनची रिंग आणि सिलिंडरची भिंत यांच्यामध्ये ऑइलचा थर असतो तो काही मायक्रॉनचाच. तेवढ्याच आकाराचा कण तिथे पोहोचला की तो पॉलिश पेपरसारखा घासत राहतो. डोळ्याला दिसणारी जाड धूळ फिल्टर सहज अडवतो. नुकसान करते ती न दिसणारी.

परिणाम लगेच कळत नाहीत. आधी इंजिन ऑइल खाऊ लागते, मग धूर वाढतो, टर्बोची पाती झिजतात, कॉम्प्रेशन कमी होते. मालक म्हणतो, ‘गाडी म्हातारी झाली.’ खरे तर ती अकाली म्हातारी केलेली असते.

फिल्टर निवडताना कोणता आकडा पाहावा?

एअर फिल्टर तपासण्यासाठी आयएसओ ५०११ ही आंतरराष्ट्रीय चाचणी आहे. तिच्यात तीन गोष्टी मोजतात : फिल्टर किती टक्के धूळ अडवतो, बुजण्याआधी किती ग्रॅम धूळ साठवतो आणि हवेला किती अडथळा करतो. जाहिरातीत बहुधा तिसरीच गोष्ट सांगितली जाते, ‘हवा जास्त जाते’. अहेरीच्या चालकाने मात्र पहिल्या दोन विचाराव्यात.

एक फिल्टर ९९.५ टक्के धूळ अडवतो आणि दुसरा ९८ टक्के. फरक दीड टक्क्याचा, म्हणजे किरकोळ वाटतो. पण १०० ग्रॅम धूळ आली तर पहिला अर्धा ग्रॅम आत सोडतो आणि दुसरा २ ग्रॅम. इंजिनात थेट चौपट धूळ जाते. हाच हिशेब वर्षभर, रोजच्या फेऱ्यांना लावून पाहावा.

कागदी फिल्टर धूळ चांगली अडवतो आणि स्वस्त असतो. तो ठरावीक अंतराने बदलावा लागतो. तेल लावलेला कापडी फिल्टर धुऊन पुन्हा वापरता येतो, पण हवा मोकळी जावी म्हणून त्याची जाळी विरळ ठेवलेली असते. शिवाय धुतल्यानंतर तेल जास्त झाले तर ते पुढच्या हवामापक सेन्सरवर बसू शकते. तसे झाले की ईसीयूला चुकीचे आकडे मिळतात, गाडी धूर ओकते किंवा इंजिनाचा दिवा लागतो. फोमचा फिल्टर नीट धुऊन, नीट तेल लावून वापरला तरच कामाचा. गॅरेजच्या घाईत ते क्वचितच होते.

पावसाळ्यात काय होते?

कोल्ड एअर इनटेकचा फिल्टर जेवढा खाली, तेवढी हवा थंड आणि तेवढेच पाणी जवळ. भामरागडजवळ पर्लकोटेला पूर आला की रस्ता बंद पडतो, हे या भागाने अनेक पावसाळे पाहिले आहे. पूर ओसरताना, किंवा एखाद्या नाल्याच्या ठेंगण्या पुलावरून गाडी काढताना बम्परमागचा फिल्टर पाण्यात गेला, तर इंजिन हवेऐवजी पाणी ओढते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. पिस्टन वर येतो, पाणी हटत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. मग इंजिन खोलण्याशिवाय मार्ग नसतो. कंपनीने हवेचे तोंड वर ठेवलेले असते ते याचसाठी.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२ अ आले. परवानगी नसलेले सुटे भाग बसवून बदल केल्यास मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते.

हवेचा पाइप आरसीवर लिहिलेला नसतो, हे खरे. पण प्रदूषण आणि आवाजाची मंजुरी मिळताना हवेची ही यंत्रणा गाडीचा भाग असते. वॉरंटीतल्या इंजिनाचे काम निघाले किंवा विम्याचा दावा करायची वेळ आली, तर हा बदल मालकाच्या अंगाशी येऊ शकतो. कंपनीच्याच डब्यात बसणारा, त्याच मापाचा नवा फिल्टर टाकला तर हा प्रश्न येत नाही.

गाडी ओढत नसेल तर आधी काय तपासावे?

- एअर फिल्टर काढून आतून टॉर्च लावा. प्रकाशाचे टिपके दिसले तर कागद फाटला आहे, फिल्टर बदला.

- फिल्टरनंतरच्या पाइपमध्ये पांढरे फडके फिरवा. फडके मळले तर धूळ आत शिरते आहे. क्लिप, रबरी कडा आणि डब्याचे झाकण पाहा.

- टर्बो ते इंटरकूलर ते इंजिन हा पाइप तपासा. सैल क्लिप किंवा चिरलेला पाइप हे ताकद कमी होण्याचे नेहमीचे कारण असते. तिथे ऑइलचा ताजा ओलावा दिसला तर गळतीचा संशय घ्या.

- डिझेल फिल्टर, क्लच, टायरमधील हवा आणि चिकटलेले ब्रेक पाहा.

- शेवटी हौद्याकडे पाहा. क्षमतेपेक्षा जास्त माल भरला असेल, तर कोणताही फिल्टर त्यावर उपाय नाही.

एक सवय मात्र सोडायला हवी. पंक्चरच्या दुकानात थांबून फिल्टरला जोरात हवा मारून घेण्याची. जास्त दाबाने कागदाला डोळ्याला न दिसणारी छिद्रे पडतात. फिल्टर टायरवर आपटल्याने त्याची कड वाकते. शिवाय थोडी धूळ बसलेला कागदी फिल्टर नव्यापेक्षा जास्त बारीक कण अडवतो. म्हणून तो सारखा उघडण्यापेक्षा वेळेवर बदलणे चांगले. कंपनीच्या पुस्तिकेत धुळीच्या भागासाठी फिल्टर बदलण्याचे अंतर वेगळे, कमी दिलेले असते. अहेरीत तेच धरावे.

तरीही इनटेक बदलायचाच असेल तर?

बंद डब्याचा, कोरड्या फिल्टरचा, हवेचे तोंड वर असलेला संच घ्या. आयएसओ ५०११ चा अहवाल मागा. दुकानदाराकडे तो नसेल तर पैसे खिशात ठेवा. सेन्सरची जागा आणि पाइपचा व्यास मूळ मापाचाच असावा, नाहीतर हवेचे मोजमाप चुकते. धुळीतच काम असेल तर ट्रॅक्टरवर असतो तसा प्री-क्लीनर कंपनीच्या पर्यायांत आहे का, हे सेवा केंद्रात विचारा. हवेला गोल फिरवून जड धूळ फिल्टरच्या आधीच बाजूला टाकणारी ही साधी युक्ती आहे. शेतात ती वर्षानुवर्षे चालत आली आहे.

प्रश्न फक्त गाडीचा आहे का?

नाही. रस्त्यावर धूळ उडू नये, ही पिकअपवाल्याची जबाबदारी नाही. खनिजाच्या ट्रकवर घट्ट ताडपत्री, रस्त्यावर नियमित पाणी, उखडलेल्या पट्ट्यांची वेळेवर दुरुस्ती आणि जादा भारावर कारवाई या गोष्टी प्रशासनाने आणि खनिज वाहून नेणाऱ्यांनी करायच्या आहेत. त्या झाल्या नाहीत, तर त्याचा खर्च लहान वाहनमालक फिल्टर, ऑइल आणि इंजिनाच्या कामाच्या रूपाने भरत राहतो, आणि त्याची पावती कुणाच्याच नावावर फाटत नाही.

तोवर पिकअपवाल्यांनी किटसाठी बाजूला काढलेल्या पैशातून वर्षभराचे चांगले कागदी फिल्टर घ्यावेत. उरलेल्यात एक चांगला मास्कही येईल. गाडीने ओढलेली हवा फिल्टरमधून जाते. काच खाली करून गाडी चालवणारा माणूस तीच धूळ थेट छातीत घेतो.