जुन्या फायलींत अडकलेली मराठी सोडवा

प्रति,
संचालक, राज्य मराठी विकास संस्था, मुंबई



कोल्हापुरातल्या जुन्या छापखान्यांत विंडोज एक्सपीचा एखादा संगणक अजून जपून ठेवलेला असतो. मायक्रोसॉफ्टने एक्सपीला ८ एप्रिल २०१४ रोजी वाऱ्यावर सोडलं, तरी मालक तो भंगारात काढत नाहीत. तालीम मंडळांच्या स्मरणिका, साखर कारखान्यांचे वार्षिक अहवाल, दिवाळी अंक, खेड्यापाड्यांतल्या कवींचे संग्रह, असं वर्षानुवर्षांचं मॅटर त्यात आहे. ते लावलंय पेजमेकर या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये, आणि फाँट श्रीलिपी, आकृती किंवा सी-डॅकच्या आयएसएमचे.

अडचण इथेच आहे. या फाँटांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात, आणि प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी. फाँट नसेल तर पडद्यावर निव्वळ इंग्रजी चिन्हांचा कचरा दिसतो. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली, रफार नंतर. युनिकोड या प्रमाण पद्धतीत दोन्हींचा क्रम नेमका उलटा. त्यामुळे नुसती अक्षराला अक्षर अशी अदलाबदल करून भागत नाही, क्रमही फिरवावा लागतो. जोडाक्षरांत तर प्रूफ वाचणारा माणूस लागतोच.

युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. पण पेजमेकरची शेवटची, सातवी आवृत्ती २००१ ची, आणि तिला युनिकोड कळत नाही. डीटीपी ऑपरेटरचा हात ज्यावर बसला, त्यावरच पुढची कित्येक वर्षं काम चाललं.

नव्या संगणकात आभासी यंत्र (व्हर्च्युअल मशीन) करून त्यात एक्सपी चालवता येतं, आणि इंटरनेट तोडून ठेवलं तर ते बरंच सुरक्षितही राहतं. पण जुनं सॉफ्टवेअर प्रिंटर पोर्टला लावायच्या डाँगलशिवाय उघडत नसेल, तर बहुतेक नव्या संगणकांना ते पोर्टच नसतं. एकट्या छापखानेवाल्याने हे सारं निस्तरावं ही अपेक्षा अन्यायाची आहे. शिवाय इथे पंचगंगा नदी आहे. २०१९ च्या महापुरात शहरातल्या शाहूपुरीतही पाणी शिरलं होतं. हार्ड डिस्क एकदा बुडाली की मॅटर गेलंच.

संस्थेने यशोमुद्रा आणि यशोवेणू हे युनिकोड फाँट सर्वांना मोफत दिले, त्याचा कोल्हापूरकरांना आनंद आहे. आता पुढचं काम हाती घ्यावं. फाँट बनवणाऱ्यांशी बोलून जुन्या फाँटांचे सांकेतिक तक्ते खुले करून घ्यावेत. युनिकोडमध्ये बदलणारी साधनं तपासून, सुधारून सर्वांना विनामूल्य द्यावीत. मूळ फायलींच्या प्रतीही जपाव्यात, कारण पानाची मांडणी त्यांतच आहे. ज्यांचे हक्क आहेत त्यांची परवानगी अर्थातच आधी घ्यावी.

सुरुवात कोल्हापुरातून करता येईल. शिवाजी विद्यापीठात मराठी आणि संगणकशास्त्र हे दोन्ही विभाग आहेत. आणि एक्सपीवर मॅटर लावणारे ऑपरेटर शहरात आहेत, तोवर त्यांना मानधन देऊन या कामावर बसवावं. कुठल्या फायलीत कुठला फाँट, हे अनेकदा फक्त त्यांनाच ठाऊक असतं.

कळावे,
कोल्हापूरचा एक वाचक