तडजोड कोणाच्या वाट्याची?

सर्व मिळत नसेल तर अर्धे पदरात पाडून घ्यावे, असा उपदेश करणारांस नामदार गोखल्यांचे नाव फार प्रिय. १९११ साली वरिष्ठ कायदेमंडळात गोखल्यांनी मांडलेले प्राथमिक शिक्षणाचे बिल हा त्यांचा ठेवणीतला दाखला. त्या बिलात सक्ती होती. पण सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांपुरती, आणि तीही जेथील स्थानिक संस्था मागेल व सरकार मान्य करील तेथेच. इतकी काटछाट करूनही मार्च १९१२ मध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले! सक्तीचे तत्त्व गोखल्यांनी सोडले नाही, हे आम्ही आदरपूर्वक मान्य करतो. पण मुलींचे काय? त्यांची पाळी मागाहून यावयाची होती. स्वतःची मागणी आखडून घेणे हा ज्याचा त्याचा अधिकार. परंतु ज्यांच्या आयांनाही मत नव्हते, अशा मुलींचा वाटा सोडून देण्याचे मुखत्यारपत्र त्या सभागृहाला कोणी लिहून दिले होते? आणि सोडून मिळविले काय? बिल तर गेलेच. सहा ते चौदा वर्षांच्या मुलामुलींस एकाच कलमात धरणारा देशव्यापी कायदा व्हावयास २००९ साल उजाडले. मधल्या पिढ्यांतील निरक्षर मुलींच्या खाती ही तडजोड आम्ही जमेस धरावी, असा आग्रह निदान आमच्यापाशी तरी कोणी करू नये.