खालच्या गटातील पदक

या स्मरणिकेच्या क्रीडाविभागात आपल्या शाळेला मिळालेल्या चषकांची छायाचित्रे वाचकांना दिसतीलच. त्यांत बोल्डरिंगचे दोन चषक आहेत. दोन्ही एकाच विद्यार्थिनीने, शहरातील एकाच हौशी स्पर्धेत, लागोपाठच्या दोन वर्षी, ‘नवोदित’ या एकाच गटात मिळविले. पहिल्या चषकाचा आम्हांस निखळ अभिमान आहे. दुसऱ्याविषयी मात्र मनात एक बोच आहे. माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव यांच्यासमोर ती मांडण्यास ही जागा योग्य वाटते, म्हणून हा लेखनप्रपंच.

बोल्डरिंग म्हणजे दोराविना केलेले, कमी उंचीचे प्रस्तरारोहण. स्पर्धेतील भिंत साधारण चार-साडेचार मीटर उंच असते. खाली जाड गाद्या असतात आणि भिंतीवर रंगीत पकडी बसवून एकेक चढाई रचलेली असते. या चढाईला खेळाडू ‘प्रॉब्लेम’ म्हणतात आणि ते नाव सार्थ आहे. केवळ दंडातील बळाने ती सुटत नाही. कोणता पाय कोठे टेकवावा, शरीराचा तोल केव्हा कोणत्या बाजूस न्यावा, याचा विचार करावा लागतो. २०१६ आणि २०१७ साली या खेळाच्या विश्वचषक मालिकेतील स्पर्धा आपल्या नवी मुंबईत झाल्या. वसतिगृहामागील माळावरच्या काळ्या शिळांवर आपली मुले मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून हेच करीत आली आहेत. त्याला खेळ म्हणतात, हे तेव्हा आम्हांलाही ठाऊक नव्हते.

पहिल्या वर्षी आमच्या मुलीने नवोदित गटात नाव दिले, ते प्रामाणिकपणे. तिने कृत्रिम भिंत कधी पाहिली नव्हती. चढाईसाठीचे खास बूटही तिने त्या दिवशी प्रथमच, आणि तेही उसने घेऊन घातले. ती जिंकली. दुसऱ्या वर्षी नावनोंदणीचा अर्ज आम्हीच भरला. गट कोणता, या रकान्यात पुन्हा ‘नवोदित’ असे लिहिताना आमचा हात थोडा थबकला होता. पण वरच्या गटात पदक मिळेलच याची खात्री नव्हती आणि शाळेला पदक हवे होते. ती पुन्हा जिंकली, आणि सहज जिंकली. बक्षीससमारंभानंतर दुसऱ्या आलेल्या मुलीचे वडील आमच्याजवळ आले. आवाज न चढविता त्यांनी विचारले, “सर, तुमची मुलगी मागच्या वर्षीही याच गटात पहिली आली होती ना?” आम्ही उत्तर दिले, “स्पर्धेच्या नियमात गट ज्याने त्याने निवडायचा आहे.” उत्तर नियमाला धरून होते, न्यायाला धरून नव्हते. परतीच्या एसटीत आमची मुलगी म्हणाली, “सर, मला वरच्या गटातल्या चढाया करून बघायच्या होत्या.” म्हणजे एका अर्जाने आम्ही दोन मुलींचे नुकसान केले होते.

स्पर्धकांच्या बोलीत या प्रकाराला ‘सँडबॅगिंग’ म्हणतात. आपली पात्रता मुद्दाम कमी दाखवावयाची आणि दुबळ्यांच्या गटात शिरून बक्षीस न्यावयाचे, असा त्याचा अर्थ. हौशी खेळांत हा मोह सर्वत्र आढळतो. बुद्धिबळात १६०० पेक्षा कमी मानांकनाच्या खेळाडूंसाठी वेगळ्या स्पर्धा होतात, तेथेही मानांकन जाणूनबुजून खाली ठेवण्याचा मोह काहींना होतोच. शालेय क्रीडा स्पर्धांतील १४, १७ व १९ वर्षांखालील गटांत जन्मतारखांची ओढाताण कशी होते, हे क्रीडाशिक्षकांना सांगावयास नको.

तथापि वय दाखल्यावरून कळते आणि कुस्तीतील वजन काट्यावर दिसते. कौशल्य मोजावयाचे कशाने? चढाईची काठिण्यपातळी सांगणाऱ्या श्रेणी आहेत. फ्रान्समधील फाँतेनब्लो येथील शिळांवरून एक पद्धत रूढ झाली. दुसरी टेक्सासमधील ह्यूको टँक्स येथे जॉन शेर्मन यांनी रुजविली. त्यांच्या ‘व्हर्मिन’ या टोपणनावावरून तिला ‘व्ही’ श्रेणी म्हणतात. पण या श्रेणी म्हणजे चढणाऱ्यांच्या अनुभवातून झालेली सहमती होय. तो तराजू नव्हे. एका भिंतीवरची ‘व्ही ३’ दुसऱ्या भिंतीवर ‘व्ही ४’ वाटते. उंच मुलाचा हात जेथे सहज पोहोचतो, तेथे बुटक्या मुलीला उडी घ्यावी लागते. ‘किती वर्षे चढता?’ हा प्रश्नही अपुरा आहे. जिम्नॅस्टिक्समध्ये घडलेले मूल सहा महिन्यांत पुढे जाते आणि आमच्या मुलीसारखी, आठ वर्षे माळावर चढलेली पण एकही स्पर्धा न खेळलेली मुलगी कागदोपत्री ‘नवोदित’ ठरते.

यावर कोणी म्हणेल, गटच नकोत. भिंत सर्वांना सारखी, ज्याला जमेल तो जिंकेल. हे दिसावयास समान आहे. पण पाच महिने चढणारा आणि पाच वर्षे चढणारा यांना एकाच रांगेत उभे केले, तर पहिला पुढच्या वर्षी येतच नाही. कोणाला कोणाबरोबर आणि कशात तोलावे, हा प्रश्न ऑलिंपिकलाही चुकलेला नाही. २०२१ मध्ये पार पडलेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये वेग, लीड आणि बोल्डरिंग या तीन भिन्न प्रकारांचे मिळून एकच पदक होते आणि तिन्हींतील क्रमांकांचा गुणाकार करून निकाल लावला गेला. स्पेनचा अल्बेर्तो खिनेस लोपेस वेगात पहिला, बोल्डरिंगमध्ये सातवा आणि लीडमध्ये चौथा आला. गुणाकार २८ झाला आणि सुवर्णपदक त्याचे झाले. अमेरिकेचा नॅथॅनिएल कोलमन बोल्डरिंगमध्ये पहिला येऊनही ३० गुणांमुळे रौप्यपदकाचा मानकरी ठरला. दोष खेळाडूंचा नव्हता, रचनेचा होता. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये वेगाची स्पर्धा वेगळी केली गेली आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी तिन्ही प्रकार स्वतंत्र ठेवण्याचा निर्णय झाला आहे. जेथे गट चुकतो, तेथे निकालही चुकतो, हे जगाने मान्य केले.

‘श्रेणी’ हा शब्द उच्चारताना आम्ही इतिहासाचे शिक्षक थोडे सावध होतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जातिव्यवस्थेचे वर्णन श्रेणीबद्ध असमानता असे केले, ते उगीच नव्हे. त्या उतरंडीत पायरी जन्माने ठरते आणि ती ओलांडता येत नाही. त्याच बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ या, प्रत्यक्षात होऊ न शकलेल्या भाषणात दाखवून दिले की, विषम परिस्थितीतून आलेल्यांना एकाच शर्यतीत उभे केले, तर जन्म, शिक्षण आणि वारशाची संपत्ती ज्यांच्या बाजूला आहे तेच निवडले जाणार. या दोन विचारांत विसंगती नाही. जी श्रेणी माणसाला जखडून ठेवते ती अन्याय्य. जी त्याला वर चढावयास उसंत देते ती न्याय्य. खेळातील नवोदित गट दुसऱ्या प्रकारचा असावयास हवा. तो प्रवेशाचा उंबरठा आहे आणि उंबरठ्यावर कोणी ठाण मांडून बसले, तर मागून येणाऱ्याची वाट अडते.

आमच्या एका सहकाऱ्यांनी तेव्हा आमची समजूत घातली होती की, आपली मुले पिढ्यान्‌पिढ्या मागे ठेवली गेली; त्यांनी एक पदक जास्त आणले तर बिघडले कोठे? युक्तिवाद जिव्हाळ्याचा होता, म्हणून तेव्हा पटला. आता पटत नाही. समोरची मुलगी कोण, कोणत्या घरातली, किती पदरमोड करून आलेली, हे आम्ही विचारलेही नव्हते. आणि समजा, ती सुखवस्तू घरातली असती, तरी ती त्या भिंतीवर नवशिकी होती, आमची मुलगी नव्हती. नवशिक्यांसाठी राखलेली जागा आपण संधी म्हणून मागतो, तेव्हा ती जागा खऱ्या नवशिक्याकडेच राहील याची राखण करणे हेही आपलेच काम ठरते. अन्यथा राखीवपणावर बोट ठेवणाऱ्यांच्या हाती आपणच निमित्त देतो.

मग करावे काय? आमच्या मते हौशी स्पर्धांच्या आयोजकांनी चार गोष्टी कराव्यात. पहिली, नवोदित गटात पहिल्या तिघांत आलेल्याने पुन्हा त्या गटात नाव देऊ नये. आयोजकांनी मागील वर्षांचे निकाल जवळ ठेवले, की हे सहज तपासता येते. दुसरी, जेथे सर्व स्पर्धक एकाच भिंतीवरील अनेक चढायांतून निवड करतात आणि उत्तम पाच चढायांचे गुण धरले जातात, तेथे नवोदित गटाला गुणांची कमाल मर्यादा आधीच जाहीर करावी. ती ओलांडणाऱ्याची गणना त्याच दिवशी वरच्या गटात व्हावी. यात शिक्षा नाही, उलट ती बढती आहे. मर्यादेच्या आत राहण्यासाठी एखादा मुद्दाम थांबेल हे खरे. म्हणून पहिला नियम सोबत हवाच. तिसरी, अर्जात वर्षे विचारू नयेत. गेल्या वर्षभरात चढलेली सर्वांत कठीण चढाई, सरावाची जागा आणि पूर्वी खेळलेले खेळ विचारावेत आणि त्याखाली प्रशिक्षकाची सही घ्यावी. ती सही आमच्याकडे मागितली असती, तर आमचा हात नुसता थबकला नसता, थांबला असता. चौथी, रोख बक्षिसे फक्त खुल्या गटात ठेवावीत. नवोदितांना प्रमाणपत्र आणि महिनाभर भिंतीवर विनामूल्य सराव द्यावा. अनुभवी माणसाला त्याचा मोह पडणार नाही, नवशिक्याला मात्र नेमके तेच हवे असते.

आयोजकांचीही अडचण आम्ही जाणतो. वरच्या गटात चारच नावे आली, तर अंतिम फेरी केविलवाणी दिसते आणि भिंत उभारण्याचा खर्च प्रवेशशुल्कातूनच काढावा लागतो. पण वरचा गट रिकामा राहण्याचे एक कारण आमच्यासारखे शिक्षकच आहेत. मुलांना हरण्यासाठी वर पाठविण्याचे धैर्य आमच्यात नाही. कोणतेही नियम केले तरी अर्ज भरणाऱ्याची नियत नियमाने बदलत नाही, हेही येथे कबूल केले पाहिजे.

तिसऱ्या वर्षी आमच्या मुलीचे नाव मधल्या गटात दिले. ती अकरावी आली. एका चढाईवर ती सात वेळा पडली, आठव्या वेळी वरच्या पकडीला दोन्ही हात लागले, आणि तिने आमच्याकडे वळून पाहिले. तिला तसे हसताना दोन्ही चषकांच्या वेळी आम्ही पाहिले नव्हते. त्या दिवसाचा चषक नाही, त्यामुळे या स्मरणिकेत त्याचे छायाचित्रही नाही. म्हणून येथे नोंद करून ठेवीत आहोत.

येत्या हिवाळ्यात वसतिगृहामागील शिळांवर परिसरातील शाळांसाठी छोटी स्पर्धा घेण्याचा मानस आहे. गट तीन असतील आणि वरील चारही नियम पहिल्या दिवसापासून लागू राहतील. माजी विद्यार्थ्यांपैकी जे चढतात त्यांनी परीक्षक म्हणून यावे, गाद्यांची सोय करता आली तर करावी, आणि आपल्या पाल्याचे नाव देताना गटाचा रकाना नीट विचार करून भरावा, ही विनंती.